‘श्री’ लिहायला चार लागतात : ट्रायला आणि दूरसंचार कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली

तसेच सर्व दूरसंचार कंपन्यांच्या बिझनेस मेसेजिंग विभागांचे प्रमुख यांस,

स.न.वि.वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बल्क एसएमएसचा धंदा करतो. तुमच्या कागदांत माझ्यासारख्याला ‘टेलिमार्केटर’ म्हणतात. गावात मला ‘मेसेजवाला’ म्हणतात. माझी गिऱ्हाइकं म्हणजे पतसंस्था, दूध संकलन केंद्रं, दोन शाळा, एक डोळ्यांचा दवाखाना, एक खत-औषधांचं दुकान. मुंबईतल्या एखाद्या बँकेचे सकाळच्या चहापर्यंत जेवढे मेसेज जातात, तेवढे माझ्या पॅनेलवरून, म्हणजे मेसेज पाठवायच्या संगणकावरच्या पडद्यावरून, वर्षात जात नसतील. त्यामुळे तुमच्या सल्लामसलतीच्या बैठकांना मला कुणी बोलावत नाही, आणि त्याबद्दल तक्रारही नाही. पण सध्या या धंद्याची सगळी घडी बदलते आहे. एसएमएस, व्हॉट्सॲप, आरसीएस (फोनच्या मेसेजच्या खणातच नेटवरून येणारा चित्रं-बटणांचा नवा मेसेज) यांचे दर आणि नियम नव्यानं ठरत आहेत. ते पक्के होण्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे : या देशात एकच मजकूर मराठीत पाठवला तर बऱ्याच वेळा इंग्रजीच्या दुप्पट पैसे पडतात.

पुराव्यासाठी लांब जायला नको. मागच्या महिन्यात एका पतसंस्थेच्या क्लार्कबरोबर बसून मी हा मेसेज तयार केला :

‘आपल्या आवर्ती ठेवीचा ५०० रु. हप्ता १० तारखेला देय आहे. कृपया शाखेत भरावा.’

साधा, सभ्य मजकूर. पॅनेलच्या खिडकीखाली कोपऱ्यात एक छोटा आकडा पळत असतो. तो ७३ वर थांबला आणि शेजारी ‘२’ उमटलं. म्हणजे दोन मेसेज. देवनागरीत एका मेसेजला ७० खुणांची मर्यादा आहे आणि आम्ही तिनानं पुढे गेलो होतो. खुणा म्हणतो, कारण मीटर अक्षरं मोजत नाही. ‘पा’ हे तुमच्या-आमच्या डोळ्यांना एक अक्षर दिसतं, मीटर ‘प’ वेगळा आणि काना वेगळा धरतं. जोडाक्षर आलं की पाय मोडल्याची खूणसुद्धा वेगळी. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव चार अक्षरांचं, मीटरच्या लेखी दहांचं.

क्लार्क म्हणाला, “कृपया काढू या.” कृपया काढलं. सहा खुणा वाचल्या, आकडा ६७ वर आला, मेसेज एक झाला. आम्ही दोघं खूश. मग त्याच्या लक्षात आलं की संस्थेचं नाव राहिलंय, आणि पाठवणाऱ्याचं नाव मजकुरात नसेल तर टेम्प्लेट, म्हणजे आधी नोंदवायचा मजकुराचा साचा, मंजूर होत नाही. हातात उरल्या होत्या तीन खुणा. तीन खुणांत कुठल्या पतसंस्थेचं नाव बसायचं? नुसतं ‘श्री’ लिहायचं तरी चार लागतात.

शेवटी दोन मेसेजचे पैसे पडणारच आहेत तर पडू देत म्हणून कृपया पुन्हा घातलं.

आता हाच मजकूर इंग्रजीत. वर ‘डिअर मेंबर’ असा मायना घालूनही तो ८७ अक्षरांत बसतो. इंग्रजीची मर्यादा १६०. म्हणजे संस्थेचं नाव, शाखेचं गाव, फोन नंबर असं सगळं घालूनही एकच मेसेज. बघा की, मराठीनं तेच बोलणं कमी खुणांत सांगितलं, ८७ च्या जागी ७३. तरीही दंड मराठीलाच.

याचं मूळ मला माहीत आहे आणि त्यात कुणाचा दुष्टपणा नाही. १९८५ च्या सुमारास जर्मनीत बॉन इथं फ्रीडहेल्म हिलेब्रँड नावाचा अभियंता टाइपरायटरवर वाटेल ती वाक्यं टाइप करून त्यांची अक्षरं मोजत बसला होता. बहुतेक वाक्यं १६० च्या आत संपतात असं त्याला दिसलं आणि मर्यादा तीच ठरली. एका एसएमएसच्या पोटात १४० बाइट मावतात. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून १६०. देवनागरीची प्रत्येक खूण सोळा बिट खाते, म्हणून ७०. त्यात मजकूर लांबला की दोन तुकडे एकमेकांना जोडण्यासाठी प्रत्येक तुकड्यात एक छोटी चिठ्ठी घालावी लागते, मग दर तुकड्याला ६७ च उरतात. ३ डिसेंबर १९९२ ला नील पॅपवर्थनं पहिला एसएमएस पाठवला तो नाताळच्या शुभेच्छांचा होता, तोही इंग्रजीत. त्या लोकांच्या डोळ्यांसमोर सांगलीची पतसंस्था असण्याचं कारणच नव्हतं.

गंमत म्हणजे आपल्या स्वतःच्या रुपयाच्या चिन्हालाही त्या सात बिटांच्या तक्त्यात जागा नाही. पूर्ण इंग्रजी मेसेजात एके ठिकाणी जरी रुपयाचं ते नवं चिन्ह टाकलं, तरी सगळा मेसेज सोळा बिटांत जातो आणि मर्यादा एकदम ७० वर घसरते. म्हणून धंद्यातला कुणीही जुना माणूस ते चिन्ह वापरत नाही, रोमन लिपीत ‘आर-एस’ लिहितो. पौंडाच्या चिन्हाला मात्र त्या तक्त्यात पहिल्यापासून जागा आहे.

कंपन्यांचे लोक यावर म्हणतात : साहेब, दोन तुकडे जातात म्हणजे जाळ्यावर दोन फेऱ्या होतात, पैसे दोनचेच लागणार. ऐकायला बरोबर वाटतं. पण मी इंग्रजीत नुसतं ‘ओके’ पाठवलं तर उरलेल्या १५८ अक्षरांचे पैसे मला परत मिळतात का? नाही. दोन अक्षरं असोत की एकशे साठ, दर तोच. म्हणजे तुम्ही वजनावर पैसे घेतच नाही, पाकिटावर घेता. तर मग पाकीट एकच धरा. आत कुठल्या लिपीत लिहिलंय हे पोस्टमननं कशाला बघायचं?

या दुप्पट दराचा भार नेमका कुणावर पडतो तेही पाहा. सहाशे सभासदांचं एक दूध संकलन केंद्र धरा. सकाळ-संध्याकाळ दूध येतं. प्रत्येक वेळी सभासदाला मेसेज जायला हवा : गाय की म्हैस, लिटर किती, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट अंश) किती, दर काय, रक्कम किती. महिन्याचे ३६,००० मेसेज झाले. माझ्यासारख्याकडून अठरा पैशांनी घेतले तर ६,४८०. मराठीत लिहून दोन-दोन झाले तर १२,९६०. केंद्रचालक दर लिटरमागे कमिशनवर जगणारा माणूस. तो मराठी सोडून देतो. कोड्यात लिहिल्यासारखे इंग्रजी आकडे आणि आद्याक्षरं पाठवतो, आणि त्या मेसेजचा जो उद्देश होता, की आपलं फॅट आज का पडलं हे बाईला घरबसल्या कळावं, तो तिथंच संपतो.

काही जण मधला मार्ग काढतात. मराठीच, पण रोमन लिपीत. हा प्रकार महाराष्ट्रभर इतका बोकाळला आहे की तुम्हाला तो लोकांच्या आवडीचा वाटत असेल. आवडीचा नाही हो, परवडीचा आहे. एका केंद्रानं असाच रोमन लिपीत मेसेज काढला होता : ‘दूध दरात वाढ’. एका आक्कांनी तो फोन माझ्या दुकानात आणला. बटणांचा फोन, मागची बॅटरी पडू नये म्हणून रबर लावलेलं. त्यांचा नातू इंग्रजी शाळेत सहावीला. त्यानं आजीला वाचून दाखवलं होतं, ‘दूध दारात वध’. रोमन लिपीत ‘दरात’ आणि ‘दारात’ एकच, ‘वाढ’ आणि ‘वध’ही एकच. पोराची काहीच चूक नव्हती. आक्का म्हणाल्या, “आरं, दूधवाल्यानं आसलं कशापायी धाडलंय?” मी वाचून सांगितलं, दर वाढलाय. त्या हसल्या, पण जाताना म्हणाल्या, “मग मराठीत लिव्हायला काय हुतंय त्याला?”

काय होतं ते मी त्यांना सांगत बसलो नाही. तुम्हाला सांगतो आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दिवशी माझ्या पॅनेलवरून अभिनंदनाचे मेसेजही गेले. इंग्रजी अक्षरांत.

आता बदलत्या घडीविषयी, कारण हे पत्र लिहायची घाई त्यामुळेच आहे.

एसएमएसची मोठी गिऱ्हाइकं हळूहळू उठून चालली आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल व्यवहारांच्या पडताळणीबाबत नवे निर्देश काढले आणि त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख दिली. दोन टप्प्यांची खात्री हवीच, पण दुसरा टप्पा एसएमएसच्या ओटीपीचाच असावा असं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. ओटीपी हा तुमच्या धंद्याचा कणा होता. तो आता ॲपमध्ये, बोटाच्या ठशात जायला मोकळा आहे. छोट्या यूपीआय व्यवहारांचे एसएमएस बंद करायला एका बड्या खासगी बँकेनं २०२४ मध्येच सुरुवात केली होती. ऑर्डर निघाली, पार्सल पोहोचलं, तिकीट पक्कं झालं, हे सगळं व्हॉट्सॲपवर गेलंच आहे.

व्हॉट्सॲपनं १ जुलै २०२५ पासून दर संभाषणामागे पैसे घेणं सोडून दर मेसेजमागे घेणं सुरू केलं. जाहिरातीच्या मेसेजला चढा दर, कामाच्या मेसेजला त्याच्या मानानं बराच उतरता. माझ्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तिथं एका टेम्प्लेटच्या मजकुराला १,०२४ अक्षरांपर्यंत जागा आहे, आणि मराठीत लिहा, तमिळमध्ये लिहा की इंग्रजीत, दर एकच. परदेशातल्या कंपनीच्या मीटरला लिपी कळत नाही. आपल्या देशातल्या कंपन्यांच्या मीटरला मात्र ती नेमकी कळते! माझ्या शाळेच्या गिऱ्हाइकानं गेल्या वर्षी मला सोडून व्हॉट्सॲप धरलं, तेव्हा मुख्याध्यापिका बाई एवढंच म्हणाल्या, “तिथं पूर्ण वाक्य लिहिता येतं हो.” मी काय बोलणार? एसएमएसचं गिऱ्हाईक जाण्याला तुम्ही नव्या तंत्रज्ञानाचा दोष देता. माझ्याकडून जी गेली त्यातली निम्मी तरी ७० च्या आकड्यानं घालवली.

मग उरतं कोण? ज्यांच्याकडं व्हॉट्सॲप नाही ते. बटणांचे फोनवाले. नेट न घेणारे. तुम्हीच २३ डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीत कंपन्यांना सांगितलंत की फक्त कॉल आणि एसएमएसची वेगळी व्हाउचरं ठेवा, नेट नको असलेल्या माणसावर नेटचे पैसे लादू नका. हा निर्णय मला फार आवडला होता. त्यातला माणूस आणि माझ्या दुकानात आलेल्या आक्का एकच. मग त्यांना एसएमएस स्वस्तात ‘घेता’ यावा हे जसं पाहिलंत, तसं त्यांच्या भाषेत तो ‘पाठवता’ यावा हेही पाहायला नको का?

कंपन्यांची मदार आता आरसीएसवर आहे. खरं सांगायचं तर मला आरसीएस आवडतो. पाठवणाऱ्याचं पडताळलेलं नाव, बोधचिन्ह, खाली दाबायला बटणं. न वाचता येणाऱ्या माणसालासुद्धा आपल्या संस्थेचं चिन्ह ओळखता येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोननंही आयओएस १८ पासून आरसीएस स्वीकारला, तेव्हा हे पुढं चालणार यात शंका राहिली नाही. पण इथं पहिली पावलं कशी पडली होती ते विसरू नका. भारतात आरसीएसवर कर्जाच्या वगैरे जाहिरातींचा एवढा मारा झाला की जून २०२२ मध्ये खुद्द गूगलला इथला तो जाहिरातींचा मार्ग काही काळ बंद करावा लागला. आणि दुसरी गोष्ट, आरसीएसला स्मार्टफोन लागतो, नेट लागतं. ज्याच्याकडं ते नाही त्याला तो मेसेज शेवटी एसएमएस होऊनच जाणार. म्हणजे पुन्हा ७०. चकचकीत मजकूर तयार करायचा, आणि ज्याला खरी गरज त्याच्यापर्यंत पोहोचताना त्याचे तीन तुकडे करून तिप्पट पैसे घ्यायचे, असं होणार असेल तर तो रस्ता कुणासाठी बांधलाय?

आता डीएलटीबद्दल, म्हणजे तुम्ही २०१८ च्या नियमावलीनं आणलेल्या, मेसेज पाठवणारे आणि त्यांचे मजकूर आधी नोंदवून घेणाऱ्या त्या व्यवस्थेबद्दल. लोकांना वाटतं आमच्यासारखे तिला शिव्या घालतात. मी नाही घालत. त्याआधीचं राज्य मी पाहिलंय. कुणीही कुणाच्याही नावानं मेसेज सोडायचा. ८ मार्च २०२१ ला पहिल्यांदा नोंदीशी न जुळणारे मेसेज अडवणारी खरी गाळणी लागली आणि देशभर ओटीपी अडकले, लशीच्या नोंदणीपर्यंत बोंब झाली, दुसऱ्या दिवशी तुम्हाला सात दिवसांची सूट द्यावी लागली. त्या दिवशी माझा फोन सकाळी साडेसहाला सुरू झाला. संकलन केंद्राची रांग उभी आणि एकाचाही मेसेज जाईना. तरीसुद्धा म्हणतो, गाळणी हवीच होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंद न केलेली लिंक असलेले मेसेज अडवायला लागलात, डिसेंबरात मूळ पाठवणाऱ्यापासून शेवटच्या कंपनीपर्यंतची साखळी दाखवणं सक्तीचं केलंत, २०२५ च्या फेब्रुवारीत हेडरच्या, म्हणजे मेसेजवर दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या छोट्या नावाच्या, शेवटी अक्षर जोडायला लावलंत. सगळं रास्त. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणार’ म्हणून लोकांना लुटणारे मात्र कधी डीएलटीच्या दारात आले नाहीत, ते साध्या दहा आकडी नंबरावरूनच येतात, हेही तितकंच खरं. नोंदणीच्या ५,९०० रुपयांची पावती माझ्या पतसंस्थेच्या फायलीत आहे, त्या चोरांच्या नाही.

पण या गाळणीत मराठीचं काय होतं ते एकदा जवळून पाहा.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. मराठीत तो अर्ध्या ‘र’नं लिहितात, ज्याला आम्ही शाळेत चंद्रकोरीसारखा म्हणायचो. हा अर्धा ‘र’ संगणकात दोन तऱ्हांनी उमटवता येतो. एका कीबोर्डवर नुक्ता असलेला ‘र’ आणि पाय मोडल्याची खूण. दुसऱ्यावर साधा ‘र’, पाय मोडल्याची खूण आणि तिच्यापुढं एक अदृश्य सांधा, जो पडद्यावर दिसतच नाही. दोन्ही शब्द डोळ्यांना हुबेहूब सारखे, कागदावर छापले तरी सारखे. ‘ॲ’चंही तेच, तोही दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका संस्थेचं ‘दुसऱ्या शनिवारी शाखा बंद राहील’ हे टेम्प्लेट मी दुकानातल्या संगणकावर टाइप करून मंजूर करून घेतलं. महिन्यानं त्यांच्या पोरानं तोच मजकूर मोबाइलवर टाइप करून पाठवला. एकूण एक मेसेज परत. रिपोर्टवर एकच ओळ : टेम्प्लेट जुळत नाही. आम्ही दोघांनी दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी लावून काना-मात्रा तपासली. पूर्णविराम तपासले. शब्दांमधल्या जागा मोजल्या. संध्याकाळपर्यंत काही सापडेना. कंपनीच्या मदतकेंद्रात फोन लागला तेव्हा पलीकडच्या मुलीनं सुचवलं, “सर, इंग्लिश टेम्प्लेट कर लीजिए ना.” तिनं वाईट हेतूनं सांगितलं नव्हतं. तिच्याकडं दुसरं उत्तरच नव्हतं.

तो अदृश्य सांधा मला तीन दिवसांनी सापडला. शनिवार होऊन गेला होता. शाखेच्या बंद दाराशी माणसं येऊन गेली ती गेलीच.

अशा दोन रूपांना मजकूर ताडण्याआधी एकच धरणं हे संगणकाच्या दृष्टीनं फार अवघड काम नाही. लिहिणाऱ्याला ते शक्य नाही, गाळणीला शक्य आहे. आणि आता तर २०२५ च्या नोव्हेंबरात तुम्ही सांगितलंत की टेम्प्लेटमधल्या प्रत्येक बदलत्या जागेला आधीच खूणचिठ्ठी लावायची : इथं लिंक येईल, इथं नंबर येईल. हेतू चांगला. पण म्हणजे जुनी सगळी टेम्प्लेटं पुन्हा उघडायची, पुन्हा मंजूर करून घ्यायची. बँकेकडं त्यासाठी विभाग असतो. पतसंस्थेकडं तो क्लार्क असतो, आणि क्लार्ककडं मी.

‘मराठीत शक्यच नाही’ असं कुणी म्हणू लागलं की मी दोन गोष्टी सांगतो. जुलै २०२३ मध्ये एका सकाळी महाराष्ट्रातले फोन एकदम किंचाळले होते, आठवत असेल. आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती ती, आणि इशारा मराठीतही आला होता. एअरटेलनं २०२५ मध्ये स्पॅम, म्हणजे नकोशा, कॉलबद्दलचा इशारा दहा भारतीय भाषांत द्यायला सुरुवात केली, त्यात मराठी आहे. म्हणजे ‘सावध राहा’ म्हणायला मराठी चालते. ‘हप्ता भरा’ म्हणायला दुप्पट भाडं.

तांत्रिक उपाय तर केव्हाचा तयार आहे. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या तक्त्यांत पंधरा वर्षांपूर्वीच दहा भारतीय भाषांसाठी सात बिटांची अक्षरमाला घालून ठेवली आहे. त्यात मराठीचा स्वतंत्र तक्ता नाही, पण हिंदीचा आहे, आणि त्यात आपला ‘ळ’ही आहे, ‘ॅ’ही आहे. तो वापरला तर देवनागरीच्या दीडशेहून जास्त खुणा एकाच मेसेजात बसतात. माझा पतसंस्थेचा मेसेज, कृपयासकट, संस्थेच्या नावासकट, एकच. अडचण एवढीच की पाठवणाऱ्याचं यंत्र, मधलं जाळं आणि घेणाऱ्याचा फोन, तिघांनाही तो तक्ता कळायला हवा. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६३३३ नं फोनवर आपल्या सगळ्या २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत असं घालून दिलंय. तेच मानक एक पाऊल पुढं नेऊन हे तक्तेही सक्तीचे करता आले असते. कुणी मागणीच केली नसावी. मोठ्या गिऱ्हाइकांना इंग्रजीत भागत होतं, आणि लहानांना विचारतंय कोण.

म्हणून माझं मागणं मुळात एकच आहे, बाकीची त्याच्या मागून येतात. भारतीय भाषेतला व्यवसायाचा मेसेज, तो जाळ्यावर किती तुकड्यांत जातो हे न पाहता, इंग्रजीच्या १६० अक्षरांत जेवढं बोलणं बसतं तेवढ्यापर्यंत एकच धरावा. कंपन्यांनी स्वतःहून हे केलं तर उत्तम. नाही केलं तर ट्रायनं सल्लामसलतीचा कागद काढावा आणि त्यात हा प्रश्न स्वतंत्र विचारावा, कुठल्या तरी परिशिष्टात नव्हे. आरसीएसचा जो मेसेज नेटअभावी एसएमएस होऊन जाईल त्यालाही हेच लागू असावं, नाहीतर जुना दंड नव्या दारानं परत येईल. डीएलटीची गाळणी अर्ध्या ‘र’ची आणि ‘ॲ’ची दोन्ही रूपं एक धरेल असं कंपन्यांकडून करून घ्या, आणि मदतकेंद्रात मराठी टेम्प्लेट वाचू शकणारं एक तरी माणूस महाराष्ट्र-गोव्याच्या सर्कलमध्ये बसवा. नव्या फोनसाठी सात बिटांच्या भारतीय तक्त्यांचा आग्रह धरा. आज धरलात तर त्याचा उपयोग व्हायला पाच-सात वर्षं जातील, मान्य. पंधरा अशीच गेली.

आणि ते हेडरच्या शेपटाचं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. कल्पना छान आहे. पण ती आक्कांपर्यंत कुणी पोहोचवली? १९०९ वर तक्रार करता येते हेही त्यांना माहीत नाही. कंपन्या रिचार्ज संपायच्या काही दिवस आधीपासून मेसेज पाठवतात, त्यातला एक मेसेज या चार अक्षरांवर खर्च करायला हरकत नाही. मराठीत. त्याचे पैसे तरी कुणाला पडणार नाहीत.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. सभेच्या नोटिशीचा मेसेज ऑगस्टअखेर माझ्याकडं येतो. तारीख, वार, वेळ, ठिकाण, विषय, कोरम नसल्यास त्याच जागी अर्ध्या तासानं. आमच्या पतसंस्थेचा मजकूर परवा करून पाहिला, मराठीत चार तुकडे झालेत. चेअरमन म्हणताहेत इंग्रजीत टाका. क्लार्क म्हणतोय कोरमचं वाक्य काढा. मी दोघांना थांबवून ठेवलंय, तुमचं उत्तर येईपर्यंत.

कळावे,

आपला,
एक मेसेजवाला
जि. सांगली

ता. क. : नोटिशीतून ‘कृपया’ अजून काढलेलं नाही.